वृद्धांचा तंतुमय आहार: कमी आकड्यामागची पार्श्वभूमी

अन्नातील न पचणाऱ्या वनस्पतिज भागाला १९५३ मध्ये ‘आहारातील तंतू’ हे नाव मिळाले, तरी त्यानंतरही बराच काळ वैद्यकाच्या लेखी तो निव्वळ चोथाच होता. मोठ्या आतड्याच्या भिंतीत लहान पिशव्या तयार होण्याचा विकार वयाबरोबर वाढतो. अशा रुग्णांना त्या काळी चोथा वर्ज्य असे आणि १९७० च्या दशकात हा सल्ला नेमका उलटला. एकाच आयुष्यात ‘टाळा’ आणि ‘वाढवा’ असे दोन्ही ऐकलेल्या माणसांच्या शंकेला अज्ञान म्हणणे अन्यायाचे आहे.

खरा गुंता २००२ च्या निर्णयाने झाला. अमेरिका व कॅनडासाठीच्या शिफारशीत ५० वर्षांपर्यंतच्या पुरुषांना रोज ३८ आणि स्त्रियांना २५ ग्रॅम, तर त्यापुढील वयात अनुक्रमे ३० आणि २१ ग्रॅम तंतू सुचवले गेले. वृद्धांना तंतू कमी लागतात, असा अर्थ यातून सहज निघतो आणि तो चुकीचा आहे. हृदयविकाराच्या अभ्यासांवरून ठरवलेले दर १,००० किलोकॅलरीमागे १४ ग्रॅम हे प्रमाण दोन्ही वयोगटांना सारखेच लावले होते. उतारवयात एकूण खाणे घटते, म्हणून आकडा लहान आला. त्या घटलेल्या खाण्यातही तंतूंचे प्रमाण तेवढेच राखायचे होते, आणि भूक मंदावल्यावर तेच अधिक अवघड असते. शिवाय ज्या बद्धकोष्ठासाठी वृद्ध हा सल्ला ऐकतात, त्यावरून हे प्रमाण काढलेलेच नव्हते. वृद्धांपुढे आकड्याऐवजी हे प्रमाण ठेवायला हवे होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

२००९ मध्ये तंतूंची आंतरराष्ट्रीय व्याख्या ठरली, परंतु आखूड साखळीच्या, म्हणजे साखरेचे मोजकेच रेणू जोडून बनलेल्या, कर्बोदकांना त्यात धरायचे की नाही, हे प्रत्येक देशावर सोपवले गेले; म्हणजे तंतूंत काय मोजायचे हेही सर्वत्र सारखे राहिले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनेत प्रौढांसाठी अन्नातून नैसर्गिकरीत्या मिळणारे रोज किमान २५ ग्रॅम तंतू सांगितले आहेत. वृद्धांसाठी वेगळा, कमी आकडा तेथे नाही.

दरम्यान आरोग्यशिक्षणाचा भर ‘किती’वरून ‘कसे’ याकडे वळू लागला. तंतू एकदम वाढवल्यास पोट फुगते आणि माणूस प्रयत्न सोडतो, म्हणून वाढ काही आठवड्यांत विभागावी लागते. वयाबरोबर तहानेची जाणीव बोथट होत असल्याने पाण्याची आठवण करून द्यावी लागते, आणि कवळी वापरणाऱ्यांसाठी कडक कच्च्या भाज्यांऐवजी मऊ शिजवलेल्या डाळी, कडधान्ये व भाज्या सुचवाव्या लागतात.