गुहाभिंतींवरील हाताचे छाप

पुराश्मयुगीन माणसाने गुहांच्या भिंतींवर उमटवलेल्या हाताच्या आकृती. यांचे दोन प्रकार आहेत. रंगात बुडवलेला हात भिंतीवर टेकवला की ठसा उमटतो; आपल्याकडे दारावर हळदीकुंकवाचे हात उठवतात, तो हाच प्रकार. दुसऱ्या प्रकारात कोरडा हात भिंतीवर ठेवून भोवती रंग फवारतात. हात काढल्यावर रंगाच्या वलयात हाताच्या आकाराची कोरी जागा उरते, तो छाप. युरोपातील गुहांत ठसे थोडे आणि छाप पुष्कळ आहेत. फ्रान्समधील गार्गास, पेश मेर्ल व कॉस्केर, स्पेनमधील एल कास्तियो व माल्त्राविएसो आणि इंडोनेशियातील सुलावेसी बेटाच्या मारोस भागातील गुहा ही महत्त्वाची स्थळे.

लाल छाप गेरूचे असतात. काळे मँगनीजच्या खनिजाचे किंवा कोळशाचे. रंगाचा खडा दगडावर घासून बारीक पूड करायची, ती पाण्यात किंवा थुंकीत कालवायची आणि तोंडात धरून ओठ आवळून लहान लहान फुंकरांनी उडवायची, ही एक रीत. दुसरीत दोन पोकळ नळ्या लागतात. एक रंगात उभी धरायची आणि दुसरीतून तिच्या वरच्या टोकावर काटकोनात जोराने फुंकायचे. टोकाशी हवेचा दाब कमी होऊन रंग वर चढतो आणि त्याचा तुषार उडतो. नळीने कड अधिक एकसारखी येते. तोंडाच्या फवाऱ्यात मोठे थेंब मिसळलेले दिसतात. फ्रेंच पुरातत्त्वज्ञ मिशेल लोरब्लांशे यांनी पेश मेर्लमधील ठिपकेदार घोड्यांची प्रतिकृती तोंडाने रंग फवारून केली, तेव्हा रंगकामाला सुमारे ३२ तास लागले. त्या मानाने एक छाप फार थोड्या वेळात होतो.

काम सोपे दिसते, पण बिघडतेही चटकन. रंग पातळ झाला तर ओघळ येतात, घट्ट झाला तर नळी तुंबते. फार जवळून फुंकले की रंग बोटांखाली शिरतो आणि बोट प्रत्यक्षापेक्षा बारीक दिसते. हात हलला तर कड दुहेरी होते. भिंत खडबडीत असेल आणि तळवा नीट टेकला नसेल, तर मनगटाकडची बाजू धूसर राहते. छाप मोजून हात कोणाचा हे ठरवताना या चुका हिशेबात धराव्या लागतात, आणि नेमके तेच बऱ्याचदा राहून जाते. २०१३ मध्ये अमेरिकन पुरातत्त्वज्ञ डीन स्नो यांनी युरोपातील ३२ छापांच्या बोटांची मापे घेऊन त्यांतले सुमारे तीन चतुर्थांश हात स्त्रियांचे असल्याचे मांडले. स्त्रीपुरुषांच्या बोटांची प्रमाणे समाजागणिक बदलतात, त्यामुळे ही टक्केवारी जपूनच वापरावी.

फ्रान्सच्या पिरेनीज पर्वतातील गार्गास गुहेत दोनशेच्या आसपास छाप आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांत बोटांची पेरे तुटलेली दिसतात. हिमदंश, रोग, विधी म्हणून बोट तोडणे असे तर्क झाले. पण अंगठा मात्र शाबूत असतो, आणि काही ठरावीक मांडण्या पुन्हा पुन्हा येतात. हिमदंशाने बोटे झडली असती तर इतकी शिस्त दिसली नसती. म्हणून बोटे मुद्दाम दुमडून छाप घेतले, हा पक्ष अधिक पटतो; शिकारीत वापरायच्या हस्तसंकेतांशीही काहींनी त्यांचा संबंध जोडला आहे. तळवा भिंतीला लावून मधलीच बोटे दुमडणे अवघड जाते; हाताची पाठ भिंतीला लावली की सहज जमते. मात्र पाठ टेकवलेल्या उजव्या हाताचा छाप तळवा टेकवलेल्या डाव्या हातासारखाच दिसतो. त्यामुळे डाव्या हातांची मोठी संख्या पाहून, डावा हात टेकवून उजव्याने काम केले असणार म्हणजे ‘हे लोक उजखोरे होते’, असे सांगण्यापूर्वी ही शक्यता तपासावी लागते. याच गुहेत तान्ह्या मुलाच्या हाताचा छाप आहे. तो हात मोठ्या माणसाने धरून ठेवला होता.

‘मी इथे होतो’ अशी ही आदिमानवाची सही, असे लोकप्रिय लेखनात हमखास वाचायला मिळते. तसे म्हणायला पुरावा नाही. कृतीतून जे दिसते ते अधिक भक्कम आहे. रंगद्रव्य शोधून आणणे, दळणे, अंधाऱ्या दालनात उजेडाची सोय करणे, एकाने हात स्थिर ठेवला असताना दुसऱ्याने फुंकणे, यासाठी पुढचे पाहणारी बुद्धी आणि शिकवण्याची परंपरा लागते. शिवाय आकृती रंगाने भरायची नसून कोरी सोडायची आहे, हे फुंकणाऱ्याला आधीच ठाऊक असावे लागते.

वय ठरवणे कठीण. गेरूत कार्बन नसल्याने रेडिओकार्बन पद्धत चालत नाही. ती फक्त कोळशाच्या रंगाला लागू पडते. छापावर पाझरत्या पाण्यातून साचलेल्या कॅल्साइट या चुन्याच्या खनिजाच्या थरातील युरेनियम व थोरियम यांचे प्रमाण मोजतात; युरेनियमचे ठरावीक गतीने थोरियम होत जाते. त्यातून छापाचे किमान वय कळते. थर बाहेरून आत खरवडत तीन-चार नमुने घेतात. वय आत जाताना वाढले पाहिजे. उलटे आले तर नमुना बाद. पाण्याने युरेनियम धुऊन गेले असेल तर वय खोटेच जास्त येते. सुलावेसीतील लेआंग तिम्पुसेंग येथील छाप किमान ३९,९०० वर्षांचा असल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ही कला युरोपातच जन्मली, ही समजूत मोडली. २०१८ मध्ये माल्त्राविएसोतील छापाचे वय ६४,००० वर्षांहून जास्त सांगितले गेले. ते मान्य केल्यास छाप निअँडरथाल या नामशेष मानवजातीचा ठरतो, कारण तेव्हा आधुनिक मानव स्पेनमध्ये पोहोचल्याचा पुरावा नाही. नमुन्यांवरून वाद चालू आहे.

कॉस्केरचे प्रवेशद्वार आज समुद्राखाली ३७ मीटरवर असून पाणी वाढेल तसे आतले छाप धोक्यात येतात. सुलावेसीत भिंतीतले क्षार स्फटिक होऊन फुगतात आणि रंगासकट पापुद्रे सुटतात. गळलेला पापुद्रा परत बसवता येत नसल्याने तेथे वारंवार छायाचित्रे घेऊन झीज मोजणे हाच मुख्य उपाय आहे.