ख्यातिवाद

ख्यातिवाद : भ्रमात जे दिसते ते नेमके काय असते, कोठे असते आणि दिसतेच कसे, या प्रश्नांना भारतीय दर्शनांनी दिलेली परस्परविरोधी उत्तरे आणि त्यांतून उभा राहिलेला वाद. ‘ख्या’ (प्रकट होणे, कळणे) या धातूपासून ‘ख्याति’ शब्द झाला. मराठीत तो नावलौकिकापुरता उरला असला, तरी शास्त्रात त्याचा अर्थ भासणे किंवा ज्ञान असा आहे. योगसूत्रांतील ‘विवेकख्याति’ या संज्ञेतही हाच अर्थ आहे.

दोरीवर साप, शिंपल्यावर चांदी, तापलेल्या माळावर पाणी ही या वादाची नेहमीची उदाहरणे. ती इतकी रुळली आहेत की त्यांतला पेच जाणवेनासा होतो. पेच असा : समोर शिंपला आहे, चांदी नाही. जे नाही त्याच्याशी डोळ्याचा संबंध येणार कसा? तरीही माणूस ‘ही चांदी’ म्हणतो, वाकतो, हात पुढे करतो, शिंपला उचलतो, उलटसुलट करून पाहतो आणि टाकून देतो. वाकण्यापासून टाकण्यापर्यंतच्या या चार-दोन क्षणांचा हिशेब लावण्यात भारतीय तर्कशास्त्राने हजार वर्षांहून अधिक काळ घालवला, आणि तो वाया गेलेला नाही.

भ्रमाच्या कारणांची चर्चा वादापेक्षा जुनी आहे. न्यायसूत्रांत (१.१.४) प्रत्यक्षाच्या लक्षणात ‘अव्यभिचारि’ (न चुकणारे) हे पद मुद्दाम घातलेले आहे. त्यावरील भाष्यात वात्स्यायनाने (बहुधा इ. स. ५ वे शतक) मृगजळाचे वर्णन केले आहे : ग्रीष्मात सूर्याचे किरण जमिनीच्या उष्म्यात मिसळून थरथरतात, दूर उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्याशी त्यांचा संबंध येतो आणि त्याला ‘पाणी’ असे ज्ञान होते. जमिनीलगतची तापलेली हवा विरळ होते, तिच्यातून येणारा प्रकाश वळतो आणि आकाशाचा तुकडा खाली पाण्यासारखा दिसतो, हे आजचे स्पष्टीकरण त्याला ठाऊक असणे शक्य नव्हते. तरी थरथर खरी आहे आणि चूक फक्त ‘पाणी’ म्हणण्यात आहे, ही त्याच्या परंपरेची भूमिका आजही टिकते. बौद्ध आचार्य धर्मकीर्ती याने (साधारणतः ७ वे शतक) न्यायबिंदूत भ्रमाची चार निमित्ते दिली : तिमिर हा नेत्ररोग, वेगाने फिरणे, नावेतून जाणे आणि संक्षोभ. टीकाकार धर्मोत्तर त्यांची विभागणी करतो. पहिल्यात दोष इंद्रियात, दुसऱ्यात विषयात (गरगर फिरवलेले कोलीत अखंड चक्र दिसते), तिसऱ्यात बाहेरच्या आधारात (नाव पुढे जाते, पण काठावरची झाडे मागे पळताना दिसतात) आणि चौथ्यात शरीरातील वात-पित्तादींच्या क्षोभात असतो.

मतांची गणना सांगताना बहुतेक ग्रंथ एक श्लोक देतात : आत्मख्याति, असत्ख्याति, अख्याति, अन्यथाख्याति आणि अनिर्वचनीयख्याति असे ‘ख्यातिपंचक’. या श्लोकाचा पूर्वार्ध मंडनमिश्रांच्या विभ्रमविवेक या ग्रंथाच्या आरंभीचा आहे. तेथे चारच ख्याती आहेत. पाचवी जोडणारा उत्तरार्ध पुढच्या काळातला दिसतो. मंडनमिश्रांचा काळ सामान्यतः ७ व्या शतकाची अखेर ते ८ वे शतक असा धरतात. ते आणि शंकराचार्यांचे शिष्य सुरेश्वर एकच, ही सांप्रदायिक समजूत आता फारशी ग्राह्य मानली जात नाही. दोघांच्या ग्रंथांतील सिद्धांतभेद हिरियण्णांनी दाखवून दिला, आणि तो पाहता दोन व्यक्ती मानणेच सयुक्तिक ठरते.

श्लोकाइतकाच घोळ वाचस्पतिमिश्रांच्या काळाचा आहे. भामती (शंकराचार्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्यावरील टीका) आणि न्यायवार्तिकतात्पर्यटीका या त्यांच्या दोन ग्रंथांमुळे ख्यातींची वर्गवारी रूढ झाली, म्हणून हा प्रश्न येथे महत्त्वाचा. त्यांच्या नावावरील न्यायसूचीनिबंधात ‘वस्वंकवसु’, म्हणजे ८९८ हे वर्ष दिले आहे, पण शक की संवत हे सांगितलेले नाही. विक्रम संवत धरल्यास इ. स. ८४१ च्या आसपासचा काळ येतो, शक धरल्यास ९७६. तात्पर्यटीकेवर परिशुद्धी लिहिणाऱ्या उदयनाचा लक्षणावली हा ग्रंथ रूढ वाचनानुसार शक ९०६ (इ. स. ९८४) चा आहे. दोन ग्रंथकारांत आठच वर्षांचे अंतर मानणे अवघड, म्हणून ८४१ कडे अनेकांचा कल आहे. मात्र न्यायसूचीनिबंध खुद्द वाचस्पतींचा आहे का आणि उदयनाच्या वर्षाचे वाचन बरोबर आहे का, या दोन्ही गोष्टींवर शंका घेतल्या गेल्या आहेत. त्यामुळे ‘९ वे किंवा १० वे शतक’ एवढेच म्हणणे सुरक्षित आहे.

वादाचा गाभा प्रभाकर हा मीमांसक (वेदवाक्यांच्या अर्थाचा विचार करणाऱ्या दर्शनाचा आचार्य) आणि नैयायिक (न्यायदर्शनाचे अनुयायी) यांच्यात आहे. प्रभाकराच्या मते (अख्याति) चुकीचे ज्ञान असे काही नसतेच. ‘ही चांदी’ हे एक ज्ञान नव्हे. ‘ही’ हे समोरच्या चकाकत्या वस्तूचे प्रत्यक्ष आहे आणि ‘चांदी’ ही पूर्वी पाहिलेल्या चांदीची आठवण. आठवणीला एरवी ‘ती’ असा भूतकाळाचा शिक्का असतो. तो गळून पडतो (स्मृतिप्रमोष) आणि दोहोंतला भेद लक्षात येत नाही. दोन्ही ज्ञाने आपापल्या जागी खरीच आहेत. शालिकनाथाने प्रकरणपंचिकेत हे मत फार बारकाईने मांडले आहे.

यावर नैयायिकांचा आक्षेप सरळ आहे : भेद न कळणे हा अभाव आहे, आणि अभाव कोणाला वाकायला लावत नाही. गाढ झोपेतही भेद कळत नाही, पण कोणी हात पुढे करत नाही. समोरच्या वस्तूलाच चांदी समजल्याशिवाय हात पुढे जाणार नाही. म्हणून एकच ज्ञान मानावे लागते, आणि त्यात एक वस्तू दुसऱ्या रूपाने कळते (अन्यथाख्याति). चांदी खरी आहे, पण दुसरीकडे, सराफाच्या पेढीत. तिथली चांदी इथल्या डोळ्याला दिसते कशी, याचे उत्तर नव्यन्यायाने ज्ञानलक्षणा प्रत्यासत्तीने दिले : चंदनाचे खोड लांबून पाहूनही ‘सुगंधी चंदन’ असे ज्ञान होते, तसे पूर्वीचे ज्ञानच येथे इंद्रिय आणि विषय यांच्यातला दुवा होते. कुमारिल या दुसऱ्या मीमांसकाची विपरीतख्याति याच्या जवळची आहे. वाकण्याच्या प्रश्नावर नैयायिकांचे पारडे जड वाटते. मात्र भ्रमात स्मृतीचा वाटा किती मोठा असतो हे प्रभाकरानेच प्रथम नेमके दाखवले, आणि शंकराचार्यांनी केलेल्या अध्यासाच्या (एका वस्तूवर दुसरीचा आरोप) लक्षणातील ‘स्मृतिरूप’ हा शब्द वाचताना त्याची आठवण होते.

बौद्धांकडे दोन मते सोपवली जातात. विज्ञानवादी म्हणतात, चांदी हा ज्ञानाचाच आकार असून बाहेर असल्यासारखा भासतो (आत्मख्याति). माध्यमिक या दुसऱ्या बौद्ध पंथाच्या नावावर असत्ख्याति घातली आहे, म्हणजे मुळात नसलेलेच भासते. हे नाव विरोधकांनी दिलेले आहे. स्वतः माध्यमिक ‘असत्’ हा पक्षही घेत नाहीत.

शंकराचार्यांनी अध्यासभाष्यात तीन मते कोणाचेही नाव न घेता दिली. ती कोणाची, यावर टीकाकारांत एकमत नाही. पहिले मत भामती बौद्धांचे ठरवते, तर रत्नप्रभा ही दुसरी टीका त्यात नैयायिकांनाही धरते. पुढच्या अद्वैत्यांनी अनिर्वचनीयख्याति उभारली. तिची युक्ती अशी : चांदी सत् असती तर बाधित झाली नसती, म्हणजे नंतरच्या ज्ञानाने खोटी ठरली नसती, असत् असती तर दिसलीच नसती. म्हणून ती सत् किंवा असत् अशी सांगता न येणारी, दिसते तेवढ्यापुरती अविद्येतून उपजलेली आहे. ‘ही चांदी नव्हे’ हे ज्ञान ‘आता नाही’ एवढेच सांगत नाही, ‘येथे कधीच नव्हती’ असे सांगते.

रामानुजाचार्य याच्या अगदी उलट टोकाला जातात. सर्व ज्ञान यथार्थच असते. पंचीकरणामुळे (प्रत्येक वस्तूत पाचही महाभूतांचे मिश्रण असल्यामुळे) शिंपल्यातही चांदीचे अंश आहेतच, ते दोषामुळे तेवढे दिसतात आणि शिंपल्याचे जास्तीचे अंश झाकले जातात.

या मतभेदाचे मोल शिंपल्यापुरते नाही. जगाला साप म्हणायचे की दोरी, यावर त्यातून सुटण्याचा अर्थ ठरतो. साप मुळातच नसेल, तर त्याला मारून सुटका होणार नाही. ‘साप साप म्हणून भुई धोपटणे’ ही म्हण येथे शब्दशः लागू पडते. दिवा आणणे पुरेसे आहे. पण दिवा आणल्यावर तरी सगळे संपते का? ब्रह्मसूत्रभाष्यात (४.१.१५) शंकराचार्य म्हणतात की बाधित झालेले मिथ्याज्ञानही दोन चंद्रांच्या ज्ञानासारखे संस्कारामुळे काही काळ चालूच राहते. याला पुढे बाधितानुवृत्ती हे नाव मिळाले, आणि ज्ञानी माणूस देहात कसा राहतो (जीवन्मुक्ती) याचे उत्तर त्यातून निघाले. दोरी ओळखल्यावरही छातीतली धडधड लगेच थांबत नाही. जास्वंदीशेजारचा स्फटिक पांढरा आहे हे ठाऊक असूनही, फूल हलवेपर्यंत तो लालच दिसतो; अशा भ्रमाला सोपाधिक म्हणतात. नव्या गावी उतरल्यावर दिशा उलटल्या, तर सूर्य उगवताना पाहूनही पूर्व मनात पश्चिमेलाच राहते, हा अनुभव अनेकांचा असेल. १८८९ मध्ये म्यूलर-लायर याने बाणांची टोके लावलेल्या दोन सारख्या रेषा मांडल्या. त्या मोजून पाहिल्यावरही लहानमोठ्याच दिसतात. कळणे आणि दिसणे यांच्यातली ही फट आधुनिक मानसशास्त्राला एकोणिसाव्या शतकात गवसली, वेदान्तात तिला कधीचे स्वतंत्र नाव होते.

मराठीत या वादाचे सरळ निरूपण थोडे आहे. ज्ञानेश्वरीत दोरी-सापाचा दृष्टांत वारंवार आणि बहुधा शांकर पद्धतीने येतो. अमृतानुभवात मात्र सातवे आणि सर्वांत मोठे प्रकरण अज्ञानखंडनाला दिले आहे, आणि भ्रमाचे कारण म्हणून अज्ञान हा वेगळा पदार्थ मानण्यालाच तेथे विरोध आहे. शं. दा. पेंडसे ज्ञानेश्वरांना शांकर मायावादीच मानतात. भा. पं. बहिरट यांच्यासारखे अभ्यासक चिद्विलासवाद (जग हा चैतन्याचाच विलास) हा स्वतंत्र सिद्धांत मानतात. अमृतानुभवापुरते तरी दुसरे मत अधिक जुळते. चांगदेवपासष्टीतला ‘सोनें सोनेपणा उणें । न येतांचि झालें लेणें’ हा दृष्टांत साप-दोरीहून वेगळ्या जातीचा आहे. सोने कळल्यावर लेणे खोटे ठरत नाही, म्हणून बाधही संभवत नाही आणि बाधितानुवृत्तीची तजवीजही करावी लागत नाही.