भोकावरची चिकटपट्टी

सोलापूरच्या पूर्व भागात गल्लीत शिरलं की मागांचा खडखडाट आधी कानावर येतो. जकार्ड बसवलेल्या जुन्या मागाच्या डोक्यावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत असते. भोक असेल तिथं सुई आत जाते, ताण्याचा धागा उचलला जातो; भोक नसेल तिथं धागा खालीच राहतो. चादरीवरची सगळी नक्षी या पुठ्ठ्यांत असते. समजा, पुठ्ठा धडधाकट आहे, पण एका भोकावर कुणी चिकटपट्टी मारली. पुठ्ठा न फाटताही नक्षी बिघडणार.

कर्करोग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर फाटलेला पुठ्ठाच येतो, म्हणजे जनुकातलं उत्परिवर्तन. चिकटपट्टीचं नाव आहे मिथिलेशन. एक कार्बन आणि तीन हायड्रोजन यांचा मिथिल नावाचा चिमुकला गट डीएनएतल्या सायटोसिन या अक्षराला चिकटतो. जनुकाच्या सुरुवातीला अशा पट्ट्यांची दाटी झाली की जनुक गप्प बसतं. एरवी ही शरीराचीच युक्ती. बायकांच्या पेशीतल्या दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक गप्प ठेवायला तीही कामी येते.

मोठ्या आतड्याच्या कर्करोगात या पट्ट्या भलत्याच ठिकाणी बसतात. सगळ्यात बोलकं उदाहरण एमएलएच१ या जनुकाचं. पेशी दुभंगताना डीएनएची नक्कल होते, त्यातल्या चुका दुरुस्त करणाऱ्या टोळीत हे जनुक असतं. ते गप्प झालं की चुका साचत जातात. याला मायक्रोसॅटेलाइट अस्थिरता म्हणतात. मोठ्या आतड्याच्या सुमारे १५ टक्के गाठींत ती सापडते आणि त्यातल्या बहुतेकींचं कारण हीच चिकटपट्टी असते.

आता गंमत बघा. दुरुस्ती बंद पडलेली गाठ जास्त घातक असेल असं वाटतं ना? पण दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे गाठ अजून लसिका ग्रंथींत पसरलेली नसताना, अशा रुग्णांचा आजार उलटण्याचं प्रमाण इतरांपेक्षा कमी असतं. चुकांनी भरलेल्या पेशी शरीराच्या पहारेकऱ्यांना परक्या वाटतात, हे त्यामागचं एक मोठं कारण. म्हणूनच या टप्प्यात एकट्या फ्लुरोयुरासिल या औषधाच्या केमोचा अशा रुग्णांना फारसा फायदा होत नाही, आणि आजार पसरलेला असेल तर त्या पहारेकऱ्यांना बळ देणारी इम्युनोथेरपी त्यांच्यावर चांगली लागू पडते.

याच्या बरोबर उलटी गोष्ट लाइन-१ या डीएनएच्या तुकड्यांची. ते आपल्या जनुकसंचात लाखोंनी विखुरलेले आहेत आणि निरोगी पेशीत पट्ट्या लावून गप्प ठेवलेले असतात. कर्करोगात या पट्ट्या गळतात. कर्कपेशींत मिथिलेशन कमी होतं हे १९८३ मध्येच दिसलं होतं. लाइन-१ वरच्या पट्ट्या फार गळालेल्या रुग्णांचं आयुर्मान कमी भरल्याचं काही अभ्यासांत आढळलं. म्हणजे ‘मिथिलेशन सापडलं’ एवढ्यावरून काहीच ठरत नाही. कुठल्या भोकावर, ते आधी सांगा.

पट्टी ओळखायची कशी? डीएनए बायसल्फाइट या रसायनात बुडवतात. साध्या सायटोसिनचं रूप पालटतं, मिथिल चिकटलेलं तसंच राहतं. कच्चा रंग धुतला जावा आणि पक्का टिकावा, तसं. सोलापूरकराला हे वेगळं समजवायला नको.

खरी अडचण पुढे आहे. आजार पुढे कसा वळेल हे सांगणारी खूण म्हणून डझनावारी जनुकांची नावं पुढे आली, पण बहुतेक रोजच्या वापरात आली नाहीत. खूण पारखायची तर माणसांचा माग वर्षानुवर्षं काढावा लागतो, गेलेल्यांचीही नोंद ठेवावी लागते. हे चिवट काम आपल्या जिल्ह्याला नवं नाही: बार्शीत १९८७ पासून गावोगावच्या कर्करुग्णांची नोंद होते, ग्रामीण भागातली देशातली ती पहिली नोंदणी. आणि पारखलेली खूणही बोलते ती शंभर जणांबद्दल. समोर बसलेल्या एकाचं भविष्य ती सांगत नाही.

एमएलएच१ची तपासणी मात्र घरच्यांच्याही कामाची आहे. गाठीत या जनुकावर पट्टी सापडली, तर आजार बहुधा आनुवंशिक नसतो. एमएलएच१ गप्प असूनही पट्टी सापडली नाही, तर लिंच सिंड्रोम या आनुवंशिक आजाराची शंका येते आणि मुलं-भावंडांच्या तपासणीचा विषय निघतो. ऑपरेशननंतर गाठीचा मेणातला ब्लॉक मिळतो, तो रिपोर्टाच्या फाइलीइतकाच जपून ठेवावा. ही तपासणी वर्षांनंतरही त्यातूनच करता येते.