व्यायामाची प्रेरणा आम्ही कशी मोजतो : सभासदांसाठी माहिती

आमच्या व्यायामशाळेत नाव नोंदवताना वजन आणि रक्तदाबाबरोबरच आपल्याकडून एक प्रश्नावलीही भरून घेतली जाते. ही परीक्षा नव्हे. तिच्यात कोणी नापास होत नाही.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या स्वयंनिर्णय सिद्धान्तावर (माणूस एखादी गोष्ट स्वतःच्या इच्छेने करतो की बाहेरच्या दबावाने, याचा विचार करणारा सिद्धान्त) आधारलेल्या या प्रश्नावलीची पहिली आवृत्ती १९९७ मध्ये, तर आम्ही वापरतो ती दुसरी आवृत्ती २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात १९ विधाने असून प्रत्येकापुढे ० (अजिबात लागू नाही) ते ४ (पूर्णपणे लागू) यांपैकी एका आकड्यावर खूण करायची असते. प्रेरणा किती आहे यापेक्षा ती कुठून येते, हे या विधानांतून कळते : प्रेरणाच नसणे, इतरांचा आग्रह, स्वतःलाच लागलेली टोचणी, फायदा पटलेला असणे आणि व्यायामातच मिळणारा आनंद. प्रत्येक गटाची सरासरी काढून तिला अनुक्रमे -३, -२, -१, २ आणि ३ ने गुणले की बेरीज -२४ ते २० च्या दरम्यान येते.

केवळ या बेरजेवर मात्र आम्ही विसंबत नाही. समजा, एका सभासदाची पटण्याची आणि आनंदाची सरासरी प्रत्येकी २ असून बाकी सर्व शून्य आहे. दुसऱ्याची पटण्याची ४, आनंदाची २, पण टोचणीचीही ४ आहे. दोघांचीही बेरीज १० येते. तरीही दुसऱ्या सभासदाला, एक दिवस चुकला की अपराधी वाटून पुढचा आठवडाच बुडू नये म्हणून, आम्ही आठवड्यातून तीनच दिवस ठरवून देतो आणि चुकलेला दिवस भरून काढायला सांगत नाही. डॉक्टरांनी साखर वाढल्याचे सांगितल्यामुळे किंवा घरच्यांनी लकडा लावल्यामुळे जे येतात, त्यांच्या बाबतीत आवडीचा प्रकार शोधण्यावर आमचा भर असतो; कारण रिपोर्ट सुधारला, की येण्याचे कारणही संपण्याची शक्यता असते.

उत्तरे लिहिताना प्रशिक्षकांना काय आवडेल याचा विचार करू नये. ‘आवड आहे’ असे लिहिणे सर्वांनाच शोभून दिसते, पण त्यावरून आखलेला कार्यक्रम आपल्याला मानवेलच असे नाही. एखादे विधान समजले नाही, तर अंदाजाने खूण करण्याऐवजी स्वागतकक्षात विचारावे. तीन महिन्यांनी हीच प्रश्नावली पुन्हा भरून घेतली जाईल आणि दोन्ही वेळची उत्तरे आपल्यासमोर ठेवूनच पुढील कार्यक्रम ठरेल.