प्राण्यांची रक्ततपासणी

पाळीव जनावरे, पक्षी आणि वन्य प्राणी यांच्या रक्ताचा नमुना घेऊन त्यातील पेशी, रसायने, परजीवी आणि प्रतिपिंडे तपासण्याची प्रयोगशाळेतील पद्धत. माणसांच्या रक्तासाठी लागणारी यंत्रे, रसायने आणि नळ्या इथेही बव्हंशी त्याच असतात. वेगळे असते ते अहवाल वाचणे, कारण माणसांच्या प्रयोगशाळेसमोर एकच जात असते आणि इथे शेकडो. रक्तात तांबड्या पेशींनी व्यापलेला भाग शेकडा २८ निघाला, तर शेळीत त्याची कोणी दखलही घेणार नाही. कुत्र्यात तो स्पष्ट रक्तक्षय ठरतो, आणि ज्या ग्रेहाउंड जातीच्या कुत्र्यात हे प्रमाण एरवीच ५० च्या पुढे असते, त्याच्या बाबतीत धावपळ करावी लागते. नमुन्यासोबतच्या चिठ्ठीवर जात, वय आणि नमुना कसा घेतला हे लिहिलेले नसेल, तर आकडे कितीही अचूक असोत, त्यांचा अर्थ लागत नाही.

फरक पेशींपासूनच सुरू होतो. सस्तन प्राण्यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक नसते. पक्षी, सरपटणारे प्राणी, उभयचर आणि मासे यांच्या तांबड्या पेशींत ते असते. उंट आणि लामा सस्तन असूनही त्यांच्या तांबड्या पेशी लंबगोल असतात, मात्र केंद्रकाविना. आकाराचे म्हणाल तर शेळीची पेशी ३ ते ४ मायक्रोमीटर, कुत्र्याची ७ च्या आसपास, हत्तीची ९ च्या जवळपास. हरणांच्या रक्ताची तऱ्हा आणखी न्यारी. शरीराबाहेर काढून हवेशी संपर्क आला की अनेक जातींच्या हरणांच्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात. जॉर्ज गलिव्हर या इंग्रज शल्यचिकित्सकाने १८४० मध्ये हे नोंदवले. माणसातल्या सिकलसेल आजाराशी हे दृश्य जुळते, पण हरणाला त्याचा काही त्रास होत नाही.

याचा फटका पेशी मोजणाऱ्या स्वयंचलित यंत्राला बसतो. माणसाच्या मापाने बसवलेले यंत्र शेळीच्या चिमुकल्या तांबड्या पेशींना बिंबाणू समजू शकते. पक्ष्याच्या रक्तात गफलत उलटी होते. यंत्र तांबड्या पेशी फोडून उरलेल्या पेशींना पांढऱ्या म्हणून मोजते, पण इथे फुटलेल्या पेशींची केंद्रके मागे राहतात आणि तीही मोजणीत धरली जातात. म्हणून पक्षी आणि कासवांच्या पांढऱ्या पेशी आजही बहुधा मोजणीच्या कोष्टकी काचेवर, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून मोजतात. गाईबैलांच्या बाबतीत तांबड्या पेशी खाली बसण्याचा वेग मोजण्यात फारसा अर्थ नसतो. त्यांचे रक्त उभ्या नळीत तासभर ठेवले तरी पेशी जेमतेम हलतात. घोड्याच्या रक्तात मात्र नाण्यांच्या चवडीसारख्या रांगा लागून बघता बघता दोन थर दिसू लागतात.

इतकी यंत्रे आली तरी रंगवलेल्या काचपट्टीची जागा कोणी घेतलेली नाही. पट्टीच्या एका टोकाशी रक्ताचा छोटा थेंब ठेवतात. दुसरी पट्टी साधारण ३० अंशांत तिरपी टेकवून थेंबापर्यंत मागे ओढतात. थेंब तिच्या कडेने पसरला की न थांबता, न दाबता तिला एका दमात पुढे सरकवतात. शेवटाकडे थर पिसाच्या टोकासारखा विरळ झाला तर पट्टी जमली. ती हवेत वाळवून, मिथेनॉलमध्ये बुडवून गिम्सा रंगाने रंगवतात. पेशी पाहायच्या त्या विरळ टोकाच्या किंचित अलीकडे, जिथे त्या एकमेकींवर चढलेल्या नसतात. अगदी टोकाशी मोठ्या पेशी, बिंबाणूंच्या गुठळ्या आणि कधी हत्तीपायरोगाच्या कुळातल्या कृमींची पिल्ले ढकलली गेलेली सापडतात. घाईत तपासणारा नेमका तोच भाग सोडतो. गोचिडांमुळे होणाऱ्या बबेसियाचे परजीवी तांबड्या पेशीच्या आत नाशपातीच्या आकाराच्या जोड्यांनी दिसतात. ते शोधायला मानेच्या मोठ्या शिरेपेक्षा कानाच्या टोकाचे, केशवाहिन्यांतले रक्त घेतलेले बरे. थायलेरिया या दुसऱ्या परजीवीचा संशय असेल तर सुजलेल्या लसिकाग्रंथीत सुई घालून तिथल्या पेशींत त्याचे ‘कॉखचे निळे कण’ पाहतात. सऱ्या या जनावरांच्या रोगाचा परजीवी ट्रिपॅनोसोमा ताज्या, न रंगवलेल्या थेंबातच वळवळताना दिसतो. त्याच्या धक्क्याने आजूबाजूच्या पेशी हलतात, आणि नजर आधी त्यांच्याकडेच जाते. ग्रिफिथ इव्हान्स या ब्रिटिश पशुवैद्याने १८८० मध्ये डेरा इस्माइल खान येथे घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात तो प्रथम पाहिला. या परजीवींची संख्या दिवसागणिक वरखाली होते, त्यामुळे एका पट्टीवर काही दिसले नाही एवढ्यावरून जनावर निरोगी ठरत नाही.

नमुना कुठून घ्यायचा हे प्राण्यावर ठरते. कुत्र्यामांजरांत पुढच्या पायाची किंवा मानेची शीर, गाईत मानेची किंवा शेपटीखालची, सशात कानाच्या कडेची, हत्तीत कानामागची. पक्ष्यांत पंखाखालची शीर किंवा मानेची उजवी शीर वापरतात, कारण बहुतेक पक्ष्यांत उजवी डावीपेक्षा मोठी असते. कासवात शिरेला लागून लसिकावाहिनी असते; सुई तिच्यात शिरली तर रक्तात लसिका मिसळते आणि आकडे खोटेच कमी येतात. किती रक्त घ्यावे याला निरोगी प्राण्यासाठी सर्वसाधारण मर्यादा शरीराच्या वजनाच्या १ टक्क्याची. ३० ग्रॅमच्या बजरीगर या छोट्या पोपटासाठी ती सुमारे ०.३ मिलिलिटर होते, आणि तेवढ्यात सगळ्या तपासण्या बसवाव्या लागतात.

नळी चुकली तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. पेशी मोजायला सहसा जांभळ्या बुचाची, रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीए रसायनाची नळी घेतात. पण अनेक कासवांच्या आणि कावळ्याच्या कुळातल्या पक्ष्यांच्या पेशी ईडीटीएत फुटतात, तिथे रक्त गोठू न देणारे दुसरे द्रव्य, हेपारिन, लागते. ईडीटीएतले रक्त चुकून सीरमच्या (रक्त गोठल्यावर सुटणाऱ्या द्रवाच्या) नळीत ओतले गेले तर पोटॅशियम भलतेच वाढलेले आणि कॅल्शियम घटलेले दिसते. साध्या नळीतले रक्त सीरम वेगळे न करता तसेच ठेवले तर पेशी ग्लुकोज खात राहतात आणि ते तासागणिक घटते. पेशी फुटल्याचा परिणामही जातीप्रमाणे बदलतो. घोड्याच्या तांबड्या पेशींत पोटॅशियम भरपूर असते, म्हणून त्या फुटल्या की सीरममधले पोटॅशियम वाढते. बहुतेक कुत्र्यांत तसे होत नाही. अकिता या जपानी जातीत मात्र होते.

धरपकडीचा परिणाम तर रक्तावर लगेच उमटतो. बुजलेल्या मांजराची साखर मधुमेह वाटावा इतकी चढते. अशा वेळी फ्रुक्टोसामिन तपासतात, कारण ते मागच्या एकदोन आठवड्यांची साखर सांगते, त्या पाच मिनिटांची नाही. घोडा बिथरला की प्लीहा आकुंचन पावते, साठवलेल्या पेशी रक्तात सोडते, आणि रक्तक्षय झाकला जातो. ताणाच्या संप्रेरकांमुळे पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल वाढतात, लिम्फोसाइट आणि इओसिनोफिल घटतात. पाठलाग करून धरलेल्या हरणात स्नायूंना इजा होऊन क्रिएटिन कायनेज हे विकर भराभर वाढते. गुंगीचे औषधही निर्दोष नाही. झायलाझीनने साखर वाढते.

रासायनिक तपासण्यांतही माणसाचे आडाखे जसेच्या तसे लावता येत नाहीत. यकृताच्या पेशींना इजा झाली की कुत्र्यामांजरांत एएलटी हे विकर वाढते. घोड्यात आणि गाईत त्याचा उपयोग नाही, तिथे जीएलडीएच, जीजीटी यांसारखी विकरे पाहतात. घोड्याने नुसते खाणे सोडले तरी बिलिरुबिन हे पिवळे रंगद्रव्य वाढून डोळे पिवळे दिसतात. पक्षी नायट्रोजन युरिक आम्लाच्या रूपात बाहेर टाकतात, म्हणून त्यांच्या मूत्रपिंडासाठी युरिया आणि क्रिएटिनिन नव्हे, युरिक आम्ल मोजतात. गिधाडांच्या ऱ्हासाचे कोडे सुटण्यात याच रसायनाचा धागा होता. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक दिलेल्या गुरांचे शव खाल्लेल्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत, रक्तात युरिक आम्ल साचे आणि त्याचे पांढरे थर आतल्या अवयवांवर बसत. हा संबंध २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. २००६ मध्ये भारतात जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली.

कळपाच्या पातळीवर मोठे काम प्रतिपिंडांच्या तपासणीचे. सांसर्गिक गर्भपातासाठी (ब्रुसेलोसिस) गुलाबी रंगाच्या रोज बंगाल द्रावणाचा थेंब सीरमच्या थेंबात मिसळून गुठळ्या होतात का ते चार मिनिटांत पाहतात. होकारार्थी आलेला नमुना दुसऱ्या चाचणीने पक्का करतात. लाळ्या खुरकूतमध्ये लस दिलेले जनावर आणि खरोखर बाधा झालेले जनावर वेगळे ओळखणे हा कळीचा प्रश्न असतो. शुद्ध केलेल्या लसीत विषाणूची अरचनात्मक प्रथिने (त्याच्या बांधणीत नसलेली, तो वाढताना तयार होणारी) नसतात, म्हणून त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडे सापडली तर बाधा होऊन गेली असे मानतात. बुळकांडी हा गुरांचा रोग २०११ मध्ये जगातून संपल्याचे जाहीर झाले. लसीकरण थांबवल्यानंतर ठिकठिकाणच्या गुरांच्या सीरममध्ये त्याची प्रतिपिंडे सापडत नाहीत हे दाखवल्याखेरीज तसे म्हणता आले नसते.

वन्य प्राण्यांची मुख्य अडचण तुलनेची. एखाद्या जातीची स्वाभाविक मर्यादा ठरवायला किमान १२० निरोगी प्राणी असावेत असे मानतात, पण दुर्मिळ जातीत तेवढे प्राणी मिळणेच कठीण. म्हणून जगभरच्या प्राणिसंग्रहालयांच्या नोंदी एकत्र करून मर्यादा काढतात, आणि पिंजऱ्यातल्या वाघाचे आकडे रानातल्या वाघाला लावायचे की नाही हा प्रश्न उरतोच. प्राण्याला न धरता रक्त मिळवण्याच्या युक्त्याही निघाल्या आहेत. पाळलेले डॉल्फिन शिकवल्यावर शेपूट आपणहून पुढे करतात. जर्मनीत कुररी पक्ष्यांच्या घरट्यात भोके असलेले पोकळ नकली अंडे ठेवून त्यात रक्तपिपासू ढेकणाच्या कुळातला एक कीटक सोडला गेला. अंडी उबवायला बसलेल्या पक्ष्याचे रक्त त्याने भोकातून सोंड काढून शोषले. मग अंडे उचलून, कीटकाच्या पोटातून सुईने ते रक्त काढून संप्रेरके मोजली गेली.