ताई ची: बागेतली आणि हॉलमधली

ताई ची ही संथ हालचालींची चिनी युद्धकला; चीनमध्ये ती बागेत चालते, पश्चिमेकडे बहुधा हॉलमधल्या वर्गांत. आधी नावातला घोळ. ‘ताई ची’मधला ‘ची’ म्हणजे प्राणशक्तीवाला ‘ची’ नव्हे. चिनी लिपीत दोन्ही अक्षरं वेगळी; इथल्या ‘ची’चा अर्थ टोक, परमावधी. पूर्ण नाव ताईचीच्युआन, आणि ‘च्युआन’ म्हणजे मूठ. पश्चिमेकडे ही मूठ गळाली, आणि बऱ्याच वर्गांतून तिच्यामागची झुंजही.

म्हणून चीनमध्ये सगळे लढायला शिकतात असं नाही. पहाटे बागेत जमणारी निवृत्त मंडळी तब्येतीसाठीच येतात. त्यांची २४ हालचालींची मालिकाही काही प्राचीन नव्हे. १९५६ मध्ये तिथल्या क्रीडा आयोगाने यांग शैली (ताई चीची एक परंपरा) आटोपशीर करून ती बसवली; पाच-सहा मिनिटांत संपते. लंडनच्या हॉलमध्येही पुष्कळदा हीच चालते. अमेरिकेत चिनी ताई ची गुरू चेंग मान-चिंग यांची ३७ हालचालींचीही बरीच रुजली. १९६० च्या दशकात त्यांनी ती न्यूयॉर्कमध्ये शिकवायला सुरुवात केली.

खरा फरक शिकण्याच्या पद्धतीत आहे. बागेत कुणी समजावत बसत नाही, बघून करायचं. नवख्याने रांगांच्या मधोमध उभं राहावं, कारण मालिकेत तोंड फिरलं की मागची रांग पुढची होते आणि कडेच्या माणसाला बघायला कुणी उरत नाही. रोज केल्याने क्रम अंगात मुरतो, पण कुणी टोकत नसल्याने चुकाही मुरतात. हॉलमध्ये उलटं: आठवड्यातून एकदा, तासभर, एकेक हालचाल सुटी करून, शंकासमाधानासह. डोक्यात लवकर शिरतं. घरी सराव नसला तर पुढच्या आठवड्यापर्यंत निम्मं गेलेलं असतं.

दोन्हीकडे बळी जातो गुडघ्याचा. पुढच्या पायावर साधारण ७० टक्के भार असताना पाऊल वळवलं की पीळ थेट गुडघ्यात बसतो. आधी भार मागच्या पायावर घ्यायचा, मग टाचेवर पंजा वळवायचा, मगच पुढे यायचं. दोन पावलं रुळांसारखी खांद्याइतक्या अंतरावर हवीत. दोरीवर चालल्यासारखी एका रेषेत आली की तोल जातो. आपला तोल कितपत टिकतो हे जोडीदारासोबतच्या ‘थुई शौ’मध्ये, म्हणजे हात टेकवून एकमेकांना ढकलण्यात, लगेच कळतं. चिनी बागांत त्याचे वेगळे कोपरे दिसतात. तब्येतीपुरत्या पाश्चात्त्य वर्गांत ते बहुधा नसतंच.