व्होल्कॅनिक पिस्तूल

तरफेच्या साहाय्याने गोळी भरून एकापाठोपाठ बार काढणारे अमेरिकी पिस्तूल. उत्पादनकाळ साधारणपणे १८५४ ते १८६०. चापाला लागून असलेली कडी बोटाने पुढे ढकलून पुन्हा मागे घेतली, की पुढचा बार तयार होत असे. पिस्तूल म्हणून ते फारसे चालले नाही. त्यातल्या यंत्रणेने मात्र पुढे रायफलीत नाव काढले.

तरफेवर चालणारी पिस्तुले याआधीही होती. सतराव्या शतकात फ्लॉरेन्सचा कारागीर मिकेले लोरेन्झोनी याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पिस्तुलांत दारू आणि गोळ्या मुठीतल्या वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवत. नळीचे तोंड खाली धरून डाव्या अंगाची तरफ फिरवली, की एक गोळी आणि मापाची दारू जागेवर पडे. काम अतिशय नाजूक, किंमत श्रीमंतांनाच परवडणारी. आणि ज्वाळा मागे झिरपलीच, तर दारूचा साठा नेमका धरणाऱ्याच्या मुठीत!

व्होल्कॅनिकची खरी सुरुवात न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंटपासून होते. सेफ्टी पिनचे १८४९ चे पेटंट ज्याच्या नावावर आहे, तोच हा हंट. १८४८ मध्ये त्याने ‘रॉकेट बॉल’चे पेटंट घेतले. शिशाच्या निमुळत्या गोळीचे बूड पोकळ ठेवून त्यातच दारू भरायची, तोंडाला बूच लावायचे. वेगळ्या काडतुसाची गरजच नाही. पुढच्या वर्षी त्याने ही गोळी डागणारी रायफलही रचली, पण ती इतकी गुंतागुंतीची होती की बाजारात आणणे अवघड होते. ल्युइस जेनिंग्जने तिचे भाग कमी केले. व्हर्माँट राज्यातील विंडसर येथे रॉबिन्स अँड लॉरेन्सच्या कारखान्यात जेनिंग्ज रायफली तयार झाल्या. भांडवल कोर्टलँड पामर याचे होते, आणि सुधारणेच्या कामासाठी होरेस स्मिथ याला घेण्यात आले.

स्मिथ आणि डॅनियल वेसन या जोडीला फेब्रुवारी १८५४ मध्ये पेटंट मिळाले आणि कनेक्टिकटमधील नॉर्विच येथे ०.३१ व ०.४१ इंच व्यासाची पिस्तुले बनू लागली. रिव्हॉल्व्हरवर तेव्हा अमेरिकी शस्त्रकार सॅम्युएल कोल्टच्या पेटंटचा पहारा होता; त्याला वळसा घालून अनेक बार काढणारे पिस्तूल बनवायचे, तर फिरत्या चक्राशिवाय दुसरी वाट शोधणे भागच होते.

यंत्रणा मात्र सुरेख होती. गोळ्या नळीखालच्या लांब पोकळीत एकामागे एक असत आणि स्प्रिंग त्यांना मागे रेटत राही. भरताना स्प्रिंग पुढे दाबून नळीच्या तोंडाकडचा भाग बाजूला वळवायचा आणि गोळ्या पुढूनच आत सोडायच्या. तरफ पुढे ढकलली की नळीचे मागचे तोंड बंद करणारी खिट्टी मागे सरकून घोडा चढे आणि पुढची गोळी वर उचलली जाई. तरफ मागे आणली की तीच खिट्टी गोळीला नळीत ढकले. खिट्टीमागे दोन दुव्यांचा सांधा असे. माणसाचा गुडघा ताठ झाला की जसा भार पेलतो, तसा हा सांधा सरळ होऊन बाराचा मागचा धक्का सोसत असे.

घात केला तो गोळीने. बुडाच्या खळग्यात दारू मावणार ती किती? ०.४१ च्या गोळीची ऊर्जा सुमारे ५६ फूट-पाउंडच भरे. त्या काळच्या सैनिकी रिव्हॉल्व्हरपुढे ती किरकोळच. धातूचे कवच नसल्याने खिट्टीच्या फटीतून वायू निसटत. जुने कवच काढण्याची कटकट नव्हती हे खरे, पण बार फुसका गेला तर अडकलेली गोळी नळीच्या तोंडातून गज घालून मागे लोटावी लागे. म्हणजे ऐन वेळी माणूस पुन्हा ठासणीच्या बंदुकीच्या काळात! शिवाय नळीखाली गोळ्यांचा भार असल्याने पिस्तूल पुढे झुके, आणि तरफ पूर्ण ढकलताना नेम हलल्याशिवाय राहत नसे.

१८५५ मध्ये ‘व्होल्कॅनिक रिपीटिंग आर्म्स कंपनी’ स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी कारखाना न्यू हेवनला हलला. भागधारकांत शर्टांचा कारखानदार ऑलिव्हर विंचेस्टर होता. स्मिथ आणि वेसन लवकरच बाहेर पडले. कंपनी बुडाल्यावर १८५७ मध्ये विंचेस्टरने ‘न्यू हेवन आर्म्स कंपनी’ या नावाने धंदा पुन्हा उभा केला. तिथला कारखानाप्रमुख बेंजामिन टायलर हेन्री याने दुखणे नेमके ओळखले: यंत्रणा तीच ठेवायची, गोळी बदलायची. ०.४४ चे तांब्याच्या कवचाचे काडतूस आणि १८६० च्या पेटंटची हेन्री रायफल यांतून १८६६ ची विंचेस्टर रायफल आली. स्मिथ आणि वेसन यांनीही १८५७ मध्ये धातूचेच काडतूस धरले, पण रिव्हॉल्व्हरसाठी. एकाच फसलेल्या पिस्तुलातून शस्त्रनिर्मितीची दोन मोठी घराणी निघाली, असे दुसरे उदाहरण सहज सापडत नाही.

युरोपात ही कल्पना १८८० च्या दशकात पुन्हा डोके वर काढते. ऑस्ट्रिया-हंगेरीत योसेफ शुलहोफ, गुस्ताव बिटनर आदींनी बोटाच्या कडीने चालणारी, धातूच्या काडतुसांची पिस्तुले काढली. ही बनावट उत्तम असली, तरी वेळ टळून गेली होती. १८९३ मध्ये ह्यूगो बोर्शार्डचे स्वयंचलित पिस्तूल आले. त्यात बाराचा धक्काच पुढची गोळी भरत असे, बोटाला कामच उरले नाही. बोर्शार्डने पूर्वी विंचेस्टर कंपनीत नोकरी केली होती, आणि त्याच्या पिस्तुलाची खिट्टीही गुडघ्यासारख्या दुमडणाऱ्या सांध्यानेच बंद होत असे.